हात खाली येईपर्यंत

प्रज्ञा,

शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझ्या आवाजाबद्दल लिहिलं. आपल्याशी सातवी ते दहावी एक शब्द न बोललेल्या मुलांनीही लिहिलं. मी काहीच टाकलं नाही, जोडलेल्या हातांचं चित्रसुद्धा नाही. तुला माहीत आहे, मला ग्रुपवर कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या तरी अर्धा दिवस लागतो, आणि तोवर केक कापून झालेला असतो.

खरं म्हणजे तुझा आवाज आठवायला गेलं की तो येतच नाही. आठवतेस ती गप्प उभी असलेली तू. गाणं संपलेलं आहे, मिसचा हात अजून हवेत आहे, आणि माझ्या डाव्या खांद्याला तुझा उजवा खांदा लागलेला आहे. सगळे तुला गाण्यामुळे ओळखतात. मला गाण्यानंतरची तीच एक जागा आठवते.

तू सातवीत भातकुलीच्या मराठी शाळेतून आमच्या अमरावतीच्या शाळेत आलीस. वर्गात कोणी इंग्रजीत काही विचारलं की तू आधी त्याच्याकडे नीट बघून घ्यायचीस आणि मग वऱ्हाडीत उत्तर द्यायचीस, जणू भाषा त्याची चुकली आहे. संगीताच्या लीना मिसने क्वायरसाठी एकेकाला पेटीजवळ बोलावून आवाज तपासला, तेव्हा तू एवढ्या मोठ्यानं गायलीस की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर डोकावून गेले. आम्हाला वाटलं, मिस खूश होतील. मिसने पेटी थांबवली.

“टू मच. हे क्वायर आहे. इथे कोणी एकटं ऐकू यायचं नाही.”

माझी पाळी आली तेव्हा मिसला पेटी फार हळू वाजवावी लागली. त्यांनी मला परत गायला लावलं आणि मग सगळ्यांना म्हणाल्या, “बघा, हिच्यासारखं. मिसळून जायचं.” शाळेत पहिल्यांदाच माझ्या गप्प असण्याचं कौतुक झालं होतं. मिसने आपल्याला शेजारी उभं केलं. तू कमी करायचं, आणि मी आहे तशीच राहायचं.

मला ते नियम आवडायचे. रांगेतून जाताना बोलायचं नाही. स्टेजवर हात दोन्ही बाजूंना सरळ. समोर आई दिसली तर हसायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. कोणी चुकलं तर त्याच्याकडे वळून बघायचं नाही. हा नियम मला आजही सगळ्यात दयाळू वाटतो. माझ्यासारखीला दिवसभर प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं, आता हात कुठे ठेवू, कोणाकडे बघू. क्वायरमध्ये ते सगळं आधीच ठरलेलं होतं. मला तिथे विश्रांती मिळायची.

तुला मात्र तिथे गुदमरायला व्हायचं. सरावानंतर गेटपाशी ऑटोची वाट बघताना तू माझ्यावर चालून यायचीस.

“काहून वं, गाऊन राहिली होती का नुसते ओठ हलवून राहिली होती?”

“गात होते.”

“मले त आयकू नाई आलं. अन् मी तुह्या बाजूलेच उभी होती.”

“मिस म्हणतात ना, वेगळं ऐकू यायचं नाही.”

“वेगळं नको म्हनतात. आयकूच नको येऊ असं थोडी म्हनतात? पाह्य घुमे, सगळ्यायचा आवाज सारखा पायजे ना? मंग तू वाढव थोडा. मलेच किती खाली उतरवतं?”

घुमी हे नाव तू मला पहिल्याच आठवड्यात ठेवलंस. मला राग यायचा, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणी ते वापरलं तेव्हा जास्त राग आला. आवाज मात्र मी वाढवला नाही. प्रयत्न केला, पण गळ्यापाशी येऊन तो मागे फिरायचा. तू रोज तुझा खाली आणत राहिलीस. दहावीपर्यंत आपण कुठेतरी मध्ये भेटलो असू. ते अंतर तू किती चाललीस आणि मी किती, हा वाद आपल्यात कधी मिटला नाही.

सगळ्यात मोठा नियम शेवटचा होता. गाणं संपलं तरी मिसचा हात वरच असायचा. तो खाली येईपर्यंत कोणी हलायचं नाही. पापणी चालेल, बोट नाही. “हात खाली येईपर्यंत गाणं संपलेलं नसतं,” मिस म्हणायच्या. लोक टाळ्या वाजवायला लागायचे आणि आम्ही खांबासारखे.

दहावीतल्या त्या गॅदरिंगची गोष्ट तू किती जणांना सांगितली असशील. गाणं संपलं, मिसचा हात वर होता, आणि लाइट गेली. अख्खा हॉल काळा. मागून मुलांच्या शिट्ट्या, कोणाचं तरी बाळ रडायला लागलं, जनरेटर काही सुरू होईना. आम्ही उभेच. हात दिसत नव्हता, म्हणजे तो खाली आला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. सगळी क्वायर अंधारात सरळ उभी, हात बाजूला, तोंड मिटलेलं. तू पुटपुटलीस, “घुमे, मिस हायेत का गेल्या?”

मी उत्तर दिलं नाही. स्टेजवर बोलायचं नसतं.

“मले वाटते बाई गेल्या.”

मला तुझा खांदा हलताना जाणवला. तू हसत होतीस. आणि मग तू जो आवाज चार वर्षं दाबून ठेवला होतास तो पूर्ण सोडलास.

“झालं! उतरा आता!”

हॉल फुटला हसून. आम्ही एकमेकींच्या वेण्या धरून चाचपडत खाली उतरलो. लाइट आली तेव्हा स्टेज रिकामं होतं आणि लीना मिस जनरेटरच्या खोलीतून धावत येत होत्या. त्यांनी अंधारात हात खाली आणला होता आणि तशाच निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला संगीताच्या खोलीबाहेर उभं केलं. “सोडायचं काम माझं आहे,” त्या म्हणाल्या. तू दारातूनच विचारलंस, “मिस, तुमीच निघून गेल्या, मंग आमाले सोडन कोन?” मिसने दार लोटून घेतलं. आत आम्ही सरावाला लागलो. माझ्या डाव्या बाजूला जागा रिकामी होती आणि पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. तो मला अजिबात आवडला नाही.

एवढं सगळं झाल्यावर तू संगीत शिक्षिका होशील असं मला वाटलं नव्हतं. अकोल्याच्या त्या शाळेत लागलीस, खोली घेतलीस, आणि फोनवर पहिल्याच महिन्यात म्हणालीस, “पोरं लय हलतात बाप्पा.” मी हसले. मी इथे विद्यापीठाच्या एका ऑफिसात टेबलामागे बसते. तिथे दिवसभर बोलावं लागत नाही, आणि याचं कोणाला काही वाटतही नाही. तू रोज पोरांसमोर उभी राहायचीस आणि संध्याकाळी मला ऐकवायचीस, आज कोणाचा सूर कुठे पळाला. मी ऐकायचे. आपली वाटणी शाळेतल्यासारखीच होती.

गेल्या थंडीत तू मला तुझ्या मुलांच्या सहलीला ओढून नेलंस, पातूरच्या लेण्यांना. मी येणार नव्हते. “तुले कोनाशी बोला नाई लागत, लेकरं माह्याशीच बोलतात,” असं सांगून नेलंस, आणि ते खरं निघालं. लेण्यात शिरल्यावर तू सगळ्यांना एका रांगेत उभं केलंस. एकच लांब सूर लावायला सांगितलास. मग सूर थांबवायला मूठ मिटलीस आणि हात वरच ठेवलास.

मी मागे दगडाला टेकून उभी होते. मुलं थांबली. कोणाच्या नाकातून पाणी येत होतं, कोणाच्या पायावर डास बसला होता. एकही हललं नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो कौतुकाचा नव्हता. मला माझे स्वतःचे सरळ केलेले हात दिसले.

नंतर बाहेर उन्हात मुलं संत्री सोलत बसली तेव्हा मी म्हटलं, “तू लीना मिस झालीस.”

“झाली त झाली. त्यायची साडी चांगली राहे.”

“मजाक नको करू. ती मुलं घाबरून उभी राहतात.”

“कोन म्हनते?”

“मी म्हणते. मी घाबरून उभी राहायचे.”

“तू कशालेही भेत होती. ऑटोवाल्याले ‘थांबा’ म्हनाले भेत होती. दोन चौक पुढं उतरून चालत येत होती घरी. त्याले क्वायर काय करन?”

तू अर्धं संत्रं माझ्या हातात कोंबलंस आणि थोडं सावकाश बोललीस. “आपन सूर सोडला ना, तरी तो लगेच जात नाई. भिताडाले लागून फिरून येते. त्याले येऊ द्या लागते. पोरं हलली, खोकलली, का मेला तो. थांबल्याशिवाय आयकू कसं येईन?”

“हे आता म्हणतेस. शाळेत तुला काय ऐकू यायचं? तू तर हसत असायचीस.”

“मले तुहा श्वास आयकू ये.”

“काय?”

“गान्यात त तू कधी आयकू नाई आली. गानं संपलं का मंग यायची. जोरजोरात श्वास घे तू, पळत आल्यावानी. मी म्हनो, चला, हाये बाई बाजूले.”

तू संत्र्याच्या बिया हातात गोळा करत होतीस. मी एवढंच म्हटलं की तुला ऐकू येत असेल, पण म्हणून ती मुलं ऐकत असतात असं होत नाही. तू म्हणालीस, “ये शाळेत एक दिवस. पोरायलेच विचार, भेता का म्हनून.” तेवढ्यात एका मुलीनं येऊन सांगितलं की ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवून राहिले, आणि आपला वाद तिथेच दगडावर राहिला, सालांसोबत.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर मी यायचं असं ठरलं. शाळा सुरू झाली. मग तुला ताप आला. तो तू अंगावर काढलास, कारण स्वातंत्र्यदिनाची गाणी बसवायची होती. पुढचं मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस.

तू गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भातकुलीला तुझ्या घरी आले होते. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साड्यांमध्ये मी शेवटच्या ओळीत बसले. निघताना तुझ्या आईने हात धरला.

“तूच ते का? घुमी?”

मी मान हलवली.

“एवढ्या सालापासून मी तेच तुहं नाव समजत होती वं माय.” आणि त्या हसल्या, प्रज्ञा. त्या घरात त्या दिवशी त्या हसल्या. “प्रज्ञा म्हने, घुमी अकोल्याच्या खोलीवर आली का कोनी आलं असं वाटतच नाई, अन् गेली का मंग खोली सुनी लागते.” मग तोंडाला पदर लावून त्या भिंतीकडे बघत राहिल्या. “तिच्या शाळेत कार्यक्रम हाये म्हनतात, अकोल्याले. मले नाई जमत जायले. तिथंसा उभं राहाले पाय नाईत माह्यात. तू जाशीन?”

दुसऱ्या कोणाला मी काहीतरी कारण सांगितलं असतं.

एसटीने गेले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं वाटलं. आत कोणी ओळखीचं नसणार. कोणीतरी विचारणार, आपण कोण. मैत्रीण म्हटलं की माइक हातात देतात.

तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो होता. ओळखपत्रावरचा मोठा केलेला. तुला तो आवडत नव्हता. त्यात केस चपटे दिसतात म्हणायचीस. मी सगळ्यात मागे, दाराजवळ बसले. मुख्याध्यापिका बोलल्या, एक सर बोलले. मग तुझी मुलं स्टेजवर आली. रांगेत, न बोलता, हात बाजूला. पातूरला संत्री खाणारी बरीच ओळखू आली. एका बाईंनी पेटीवर सूर दिला आणि त्या बाजूला झाल्या. मुलांपुढची जागा तशीच मोकळी राहिली.

त्यांनी शाळेची प्रार्थना म्हटली. कडेला एक ठेंगणी मुलगी होती, तिचा आवाज तुझ्यासारखा, सगळ्यांच्या वर जाणारा. मला वाटलं, आता ती दाबेल. तिनं दाबला नाही. बाकीचे वर आले, तिच्यापर्यंत, अगदी पहिल्या रांगेतली दात पडलेलीसुद्धा गळ्याच्या शिरा ताणून. मला जे तू गेटपाशी सांगायचीस ते तू इथे करून ठेवलं होतंस, आणि मला एकदाही फोनवर सांगितलं नव्हतंस.

प्रार्थना संपली. मुलं उभी राहिली.

आधी कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मुख्याध्यापिकांना वाटलं, मुलं श्रद्धांजली म्हणून स्तब्ध आहेत. त्या उठल्या, म्हणून हॉल उठला. थोड्या वेळाने त्या “बसा” म्हणाल्या आणि हॉल बसला. मुलं उभीच. “मुलांनो, छान झालं. या खाली,” त्या माइकवरून म्हणाल्या. एकदोघांनी त्यांच्याकडे डोळे फिरवले आणि परत समोर आणले. सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत होते, थोडं वर, जिथे तुझा हात असायचा तिथे. त्या ठेंगण्या मुलीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पुसायचं नसतं.

माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “घाबरली वो लेकरं.”

त्या हॉलमध्ये काय झालं आहे हे कळणारी मोठी माणसं किती होती मला माहीत नाही. मला कळलं होतं. मी वाट बघितली की दुसरं कोणीतरी उठेल. तुला ठाऊक आहे मी किती वेळ अशी वाट बघू शकते. पण इथे अंधार नव्हता, आणि “झालं, उतरा” म्हणणारी टेबलावरच्या फोटोत होती.

मी उठले. भिंतीच्या कडेने चालत गेले. खुर्च्यांवरचे लोक वळून बघत होते ते मला मानेवर जाणवत होतं. स्टेजच्या पायऱ्या चढले आणि तुझ्या जागेवर उभी राहिले. तिथे गेल्यावर लोकांकडे पाठ होते. तुझ्या कामात एवढी सोय होती हे मला तू कधी सांगितलं नाहीस.

हात खाली आणायचा तर आधी वर न्यावा लागतो. मी तो वर केला. सगळे डोळे त्यावर आले.

तू रोज बघायचीस ते चेहरे मी बघितले. आपल्या वादाचं उत्तर शोधत होते. मुलं भीतीनं थांबली आहेत की ऐकत आहेत. सांगू? मला कळलं नाही. काही चेहरे घाबरलेले होते, ते नाकारू नकोस. काही नुसते दमले होते. पण त्या शांततेत मला त्यांचे श्वास ऐकू यायला लागले. कोणाचा चोंदलेला, कोणाचा हुंदक्यात अडकलेला, एकेकाचा वेगळा. मी कान देऊन राहिले. डाव्या बाजूलाही.

हात मी हवा त्यापेक्षा जास्त वेळ वर ठेवला. ते त्यांच्यासाठी नव्हतं. तो वर असेपर्यंत गाणं संपलेलं नसतं, हे आपल्या दोघींना एकाच बाईने शिकवलं होतं. मग पुढच्या रांगेतली ती दात पडलेली उभ्या उभ्या डुलायला लागली, आणि मला तो खाली आणावा लागला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. ठेंगण्या मुलीनं बाहीने तोंड पुसलं. कडेपासून एकेक जण वळलं आणि मुलं रांगेने, न बोलता, पायऱ्या उतरून गेली. तू शिकवलं होतंस तसं कोणी धावलं नाही.

मी तिथेच उभी राहिले. समोर रिकामं स्टेज, हात बाजूला सरळ. मागे माइकवर कोणीतरी आभार मानत होतं. मला सोडणारं तिथे कोणी नव्हतं, प्रज्ञा.